घाट आला की गाडी दम का टाकते?

प्रश्न : माझ्याकडे 2018 सालची डिझेल पिकअप आहे. हंगामात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरच्या बाजारात नेतो. साखरप्यापर्यंत गाडी छान धावते. आंबा घाट लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर खालपर्यंत दाबला, की क्षणभर ओढते आणि एकदम ताकद जाते. इंजिनाचा दिवा लागतो, आरपीएम दोन हजारांच्या वर जात नाही. काळा धूर मात्र दिसत नाही. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवली की पुन्हा नीट चालते, दोन-तीन वळणं चढते आणि पुन्हा तेच. रिकामी गाडी असताना हा त्रास नाही. एअर फिल्टर बदलला, नोझल काढून तपासून आणले. स्कॅनर लावला तर पी-0087 हा कोड आला. आता एक मेस्त्री टर्बो बदला म्हणतात, दुसरे डिझेल पंप. दोन्ही खर्च मोठे आहेत. नेमकं काय करू?
— एक बागायतदार, रत्नागिरी तालुका

उत्तर : आधी निर्णय सांगतो, मग कारण. टर्बो बदलू नका. पंपही बदलू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रात कोडचा आकडा आहेच, पण त्याच्याइतकीच दोन साधी वाक्यं मला मोलाची वाटली: काळा धूर दिसत नाही, आणि पाच मिनिटं बंद ठेवली की गाडी सुधारते. आणखी एक गोष्ट पत्रात नाही म्हणून लक्षात आली. एअर फिल्टर बदलल्याचं तुम्ही लिहिलंत, डिझेल फिल्टरचा उल्लेखच नाही.

सपाटीवर चांगली चालणारी गाडी घाटातच का हरते, हे आधी बघू. ते समजलं की पुढची तपासणी कशी करायची हे आपोआप कळतं.

एक हॉर्सपॉवर म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. तुमची गाडी आणि साठ-एक पेट्या धरून एकूण वजन तीन टनांच्या आसपास जात असेल. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ धरा आणि वेग ताशी 30 किलोमीटर. नुसतं ते वजन वर उचलायलाच बावीस हॉर्सपॉवर लागतात. टायर रस्त्यावर लोळवायला आणखी पाच. म्हणजे चाकांपाशी सत्तावीस-अठ्ठावीस हॉर्सपॉवर सतत पोचली पाहिजे, आणि वळणातून बाहेर पडताना वेग घ्यायचा तर त्याहून खूप जास्त. हीच गाडी याच वजनासह सपाट रस्त्यावर ताशी 50 ने धावते तेव्हा वाऱ्यासकट बारा-चौदा हॉर्सपॉवर पुरते. तुमच्यासारख्या पिकअपचं इंजिन साधारण सत्तरच्या घरातलं असतं. त्याची अर्धी ताकद गेली तरी सपाटीवर चालकाला पत्ता लागत नाही. आजार आधीपासून असतो, घाट तो फक्त उघडा पाडतो.

डिझेलच्या बाजूने हेच बघा. असं इंजिन जागेवर उभं असताना तासाला लिटरभरसुद्धा डिझेल जाळत नाही. पूर्ण ताकदीवर तेच तासाला तेरा-चौदा लिटर मागतं. गाळणी अर्धी तुंबलेली असेल तर पहिली मागणी ती हसत पुरवते आणि दुसरीला हात वर करते. म्हणून गॅरेजच्या दारात, जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन तपासणी केली की सगळं ठीक दिसतं. जो बिघाड ओझ्याखाली येतो तो ओझ्याखालीच मोजायला हवा. हे एक वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहावं असं मला फार वर्षांपासून वाटतं.

आता धुराकडे येऊ. एक लिटर डिझेल पुरतं जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहूनही जास्त हवा घेऊनच चालतं. इतकी हवा आत कोंबण्यासाठीच टर्बो असतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरने 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हाही हेतू हाच होता, की वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरावी. हवा कमी पडली आणि डिझेल पुरेसं आलं, तर अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी होते आणि मागे काळा लोट दिसतो. डिझेलच कमी पडलं तर जळायलाच काही नसतं. ताकद जाते आणि सायलेन्सर स्वच्छ राहतो. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली दिसते.

धुरावरून काढलेला हा निष्कर्ष एका बाबतीत फसवा ठरू शकतो, तेही सांगायला हवं. नव्या गाड्यांत हवेचा दाब कमी पडतोय असं संगणकाला कळलं तर तो स्वतःच डिझेल कमी करतो, म्हणजे हवेचा दोष असूनही धूर दिसत नाही. पण मग कोड बहुधा वेगळा येतो. टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड पी-0299. तुमचा पी-0087 आहे, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब मागणीपेक्षा कमी. धूर आणि कोड, दोन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत. टर्बोचं नाव यात कुठून आलं, ते तुमच्या मेस्त्रींनाच विचारा.

तुमच्या इंजिनात कॉमन रेल पद्धत आहे. चारही नोझलना मिळून एक जाड नळी असते, तिला रेल म्हणतात. उंच दाबाचा पंप तिच्यात डिझेल दाबून भरतो. इंजिन जागेवर चालू असताना तिथे साधारण अडीचशे-तीनशे बार दाब असतो. पूर्ण ओझ्यावर तो दीड हजार बारच्या पुढे जातो. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. तुम्ही ॲक्सिलेटर दाबता तेव्हा थेट डिझेल सुटत नाही. संगणकाकडे मागणी जाते, तो रेलमध्ये किती दाब हवा ते ठरवतो आणि प्रत्यक्ष किती आला ते सेन्सरवर बघतो. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत पडली आणि ती काही क्षण टिकली, की तो दिवा लावतो आणि इंजिनाला जपण्यासाठी डिझेलवर मर्यादा घालतो. यालाच मेस्त्री लोक लिंप मोड म्हणतात. दोन हजारांवर अडणारी तुमची सुई म्हणजे हीच मर्यादा.

दाब कमी, असं कोड सांगतो. दाब कोणामुळे कमी, हे तो सांगत नाही. पंपाला खालून डिझेलच मिळत नसेल तर नवा पंप बसवूनही तोच कोड येईल. भला पंप काढून नवा बसवलेला आणि आठवड्यात गाडी परत आलेली, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करायची आणि पंपाकडे यायचं. उलट्या दिशेने गेलात तर सगळ्यांत महाग भाग पहिला बदलला जातो.

आता ती पाच मिनिटं. चावी बंद-चालू केली की लिंप मोड सुटतो, त्यासाठी पाच मिनिटं लागतातच असं नाही. म्हणून पुढच्या वेळी एक प्रयोग करा. ताकद गेली की सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा, अर्ध्या मिनिटात पुन्हा चालू करा आणि तेवढाच चढ चढून बघा. शंभर-दोनशे मीटरमध्येच पुन्हा दम टाकला आणि पाच मिनिटं थांबल्यावर मात्र तीन वळणं चढली, तर त्या पाच मिनिटांत टाकीत काहीतरी घडतंय. दोन शक्यता मला दिसतात.

एक, टाकीत हवा आत जाण्याची वाट बंद आहे. डिझेल बाहेर खेचलं जातं तेवढी हवा आत आली पाहिजे, नाहीतर टाकीत पोकळी तयार होते आणि तीच डिझेलला मागे ओढते. तपासणी फुकट आहे. ताकद जाताच थांबून टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेल्याचा आवाज आला तर दोष सापडला. झाकण किंवा हवेची नळी साफ करून काम संपेल.

दोन, टाकीच्या तळाच्या जाळीवर काहीतरी येऊन बसतंय. आमच्या शेजारच्या गाडीची गोष्ट सांगतो. लक्षणं हुबेहूब तुमचीच होती. त्यांनी दोन फिल्टर बदलले, नोझल तपासले, आणि शेवटी टाकी उतरवली तेव्हा आत निघाला कॅनच्या तोंडावरच्या चांदीच्या सीलचा एक तुकडा, रुपयाएवढा. डिझेल जोरात ओढलं गेलं की तो जाळीला चिकटायचा, इंजिन बंद केलं की सुटून तळाशी पडायचा. तुम्ही बागेतल्या फवारणी पंपासाठी डिझेल कॅनमध्ये आणून ठेवत असाल आणि अडीअडचणीला तेच गाडीत ओतत असाल, तर हे आधी तपासा. नुसतं आठवून बघा, त्रास कधी सुरू झाला आणि त्याच्या आधी टाकीत काय ओतलं होतं.

टाकीनंतर डिझेल फिल्टर. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराला तो बदलला गेला आहे का ते पावत्यांवरून बघा, मेस्त्रींच्या आठवणीवर सोडू नका. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. त्यातून निघणारं पाणी-डिझेल काचेच्या बाटलीत धरा आणि तासभर स्थिर ठेवा. खाली पाण्याचा थर बसला तर टाकीही साफ करायला हवी. जुना फिल्टर फेकू नका. कापून त्याचा कागद उलगडून बघा. गंजाचे कण, काळा चिकट साका, जेलीसारखा बुळबुळीत थर, काय सापडतं त्यावरून टाकीची अवस्था कळते. नवा फिल्टर गाडीच्या कंपनीचा अस्सलच घ्या. बसवताना धूळ जाऊ देऊ नका, आणि लायनीतली हवा हातपंपाने काढल्याशिवाय स्टार्टर मारत बसू नका.

यानंतरची गोष्ट अनेक अनुभवी हातांनाही चकवते. बऱ्याच पिकअपमध्ये टाकीत वेगळा पंप नसतो, इंजिनावरचा पंपच डिझेल खेचून घेतो. म्हणजे टाकीपासून त्या पंपापर्यंतच्या नळीत दाब नसून ओढ असते. त्या नळीला तडा गेला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, बाहेरची हवा आत शिरते. खाली थेंब नाही, नळी कोरडी, म्हणून सगळे ती सोडून पुढे जातात. ओढ जितकी जास्त तितकी हवा जास्त, म्हणून याचाही त्रास ओझ्यावरच वाढतो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी लावायची आणि इंजिन चालू करून बघायचं. सुरुवातीचे काही बुडबुडे निघून गेल्यावर डिझेल अखंड वाहायला हवं. बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर कुठेतरी हवा घेते आहे. जुने क्लॅम्प, रबरी नळीची टोकं, फिल्टरचं रबर आणि हातपंप, या क्रमाने बघा.

आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय जुनाच आहे: डबा लावून बघणं. पंपाकडे जाणारी नळी टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडायची, मध्ये नवा फिल्टर ठेवायचा, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये आणायची. परतीचं डिझेल गरम असतं, तेव्हा प्लास्टिकची पातळ बाटली चालणार नाही. कॅन हौद्यात घट्ट बांधा. केबिनमध्ये नको, इंजिनाजवळ नको. एवढं करून भरलेली गाडी चढावर न्या. सरळ चढली तर दोष टाकी आणि तिच्या नळ्यांत आहे, आणि पंपाचे पैसे वाचले. तरीही दम टाकला तर मात्र दोष पंपाकडे किंवा त्याच्या पुढे आहे, आणि तेव्हा पंपाची चर्चा करणं योग्य ठरेल.

तेव्हाही घाई नको. रेलमधून दाब निसटायच्या वाटा अनेक असतात. नोझल तपासून आणलेत असं तुम्ही लिहिता. पण फक्त फवारा बघितला की परतीचं डिझेलही मोजलं? चारही नोझलच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन ठरावीक वेळ चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तो नोझल दाब गिळतो आहे. पंपावरचा डिझेल मोजून सोडणारा व्हॉल्व्ह आणि रेलवरचा जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हेही पंपाआधी तपासायचे. दोन्ही पंपापेक्षा खूप स्वस्त असतात.

इथे एक सूचना कळकळीने करतो. इंजिन चालू असताना रेलची किंवा नोझलकडे जाणारी लोखंडी नळी कधीही सैल करू नका. जुन्या पंपांच्या काळात नट सैल करून कोणता सिलिंडर मारतो ते बघायची पद्धत होती, ती इथे जीवघेणी आहे. हजार बारच्या वरच्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, आत मात्र डिझेल हातभर पसरलेलं असतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जा. तिथे शस्त्रक्रिया लागते, आणि तासाभराच्या उशिराने बोट किंवा हात जाऊ शकतो. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं थांबूनच त्या नळ्यांना हात लावा, आणि गळती शोधायची तर बोट फिरवून नव्हे, पुठ्ठा धरून.

ज्यांच्या गाडीला ओझ्यावर काळा धूर येतो त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्बो आणि इंटरकूलरमधले होज पाइप आधी बघा. आत दाब आला की तडा उघडतो, इंजिन बंद असताना तो मिटलेला असतो. सांध्याभोवती तेलकट ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ हीच त्याची खूण. इतर जागा म्हणजे टर्बोच्या दांडीकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, आणि पावसाळ्यात उंदरांनी फिल्टरच्या डब्यात केलेलं घरटं. दाब मोजणारा सेन्सर खरं बोलतो का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. चावी चालू, इंजिन बंद. अशा वेळी सेन्सर फक्त बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. रत्नागिरीत समुद्रसपाटीला तो 100-101 किलोपास्कल यायला हवा, कोल्हापूरला 95 च्या आसपास. यात मोठा फरक असेल तर आधी सेन्सर बघा, टर्बो नंतर. आणि आरपीएम चढतो पण गाडी चढत नाही, असं असेल तर इंजिन निर्दोष आहे, क्लच घसरतोय. पायाखालची रबरी चटई ॲक्सिलेटरच्या मागे दुमडलेली नाही ना, हेही एकदा वाकून बघा. स्कॅनरवर ॲक्सिलेटर 0 ते 100 टक्के सलग जायला हवा.

तुमच्याकडे परत येतो. डिझेल फिल्टर आणि टाकी झाल्यावर स्कॅनर असलेल्या मेस्त्रींना गाडीत बसवून घाटात न्या. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने स्कॅनरवर चार आकडे बघायचे: रेलचा मागितलेला दाब, मिळालेला दाब, टर्बोचा मागितलेला दाब, मिळालेला दाब. बहुतेक स्कॅनर हे साठवून ठेवतात. चालवणाऱ्याने स्कॅनरकडे बघायचं नाही. पहाटेची गर्दी टाळा, दिवसाउजेडी जा, गाडीत नेहमीएवढंच ओझं असू द्या. रेलचे आकडे कोणत्या क्षणी फाकतात आणि टर्बोचे एकमेकांना धरून चालतात का, हे दहा मिनिटांत कळेल. या एका फेरीची मजुरी द्यायला मागेपुढे पाहू नका. अंदाजाने बदललेल्या कुठल्याही भागापेक्षा ती स्वस्त पडते.

तोवर हंगाम थांबणार नाही, माल तर पोचवायचा आहे. मग चढ लागण्याआधीच दुसऱ्या गिअरवर या. तिसऱ्यात इंजिन दबलेलं असताना पाय खालपर्यंत दाबला की एकदम मोठी मागणी जाते आणि तिथेच गाडी अडते. पेट्या थोड्या कमी भरा. ताकद गेलीच तर वळणावर थांबू नका, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा. निघताना ते दगड आठवणीने उचलून कडेला टाका. मागून अंधारात येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत.

झाकण उघडताना आवाज आला का, फिल्टरच्या कागदावर काय सापडलं आणि घाटातले ते चार आकडे किती आले, एवढं लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.